काळीच्या खोक्यातली पिल्लं

लसूणघासाची पेंडी कुशाबाईच्या हातून शेडच्या दारातच गळून पडली. एरवी घासाचा वास आला की सशांच्या पाचही माद्या दाराशी धावायच्या. आज चौघी पलीकडच्या भिंतीला कान मागे टाकून बसल्या होत्या, आणि मधल्या मोकळ्या भुशावर बोटाएवढं गुलाबी काहीतरी पडलं होतं. एक इथे, एक तिथे, दोन पाण्याच्या भांड्याजवळ.

कुशाबाई खाली बसली. एकाला हात लावला तर गार. दुसरंही गार, त्याच्या पाठीवर नखाचा लांब ओरखडा. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. रात्रीच कधीतरी जन्मली असणार. डिंगोऱ्याच्या पौषातल्या थंडीत उघड्या फरशीवर माणसाचं पोर टिकत नाही, तिथे या मांसाच्या गोळ्यांची काय कथा!

"स्नेहल! ए स्नेहल, अगं इकडं ये."

सून चुलीवरचं पाणी तसंच टाकून आली. दारात उभी राहून तिने सगळं पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

"कुणाची ओ आई?"

"ठिपकीची. तिचं पोट बग, केस उपटल्यात."

ठिपकीने पोटाचे केस उपटून कोपऱ्यात घरटं केलं होतं. केस अजून तिथेच होते, पण त्यावर बसली होती काळी. पुढच्या पायांनी ती भुसा खसाखसा उकरत होती आणि केसांचे पुंजके मागे उडत होते.

"हिनंच मारली," स्नेहल म्हणाली. "बघा ना, अजून उकरतीय. डाकीण मेली."

कुशाबाईचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. भांड्याजवळच्या एका पिल्लाचा मागचा पाय किंचित हलला होता. हलला की भास झाला? तिने ते उचललं, दोन तळव्यांत धरलं, तोंडाने ऊब दिली आणि चोळीच्या आत छातीशी ठेवून वरून पदर घट्ट ओढून घेतला. मग भिंतीला टेकून ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने छातीवर अगदी बारीक वळवळ झाली.

"हाय," ती म्हणाली. "जित्तं हाय."

हे सगळं तिच्या हातांना नवीन नव्हतं. डिंगोऱ्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर आज जी माणसं तिशी-पस्तिशीत आहेत, त्यातल्या निम्म्यांना या जगात पहिला हात लागला तो कुशाबाईचा. सुईणपण तिला सासूकडून आलं. पुढे रस्ते झाले, फोन केला की ॲम्ब्युलन्स दारात यायला लागली, आणि बाया दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या. ते चांगलंच झालं, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. दोन बाया तिच्या हातावर गेल्या होत्या, आणि त्यांची तोंडं ती अजून विसरली नव्हती. पण चांगलं झालं तरी हात रिकामे झाले ते झालेच.

ससे स्नेहलने आणले होते. नवरा सुदर्शन चाकणला कंपनीत, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. शेळ्या विकल्यावर शेड मोकळी पडली होती. घोडेगावच्या बाजूला एका माणसाकडे ससे होते, पण प्रत्येक मादी वेगळ्या लोखंडी पिंजऱ्यात. ते पाहून स्नेहलचा जीव कालवला. तिने पाच माद्या आणि एक नर घेतला, शेडला वरपर्यंत जाळी मारली, फरशीवर भुसा टाकला आणि त्यांना एकत्र मोकळं सोडलं. नरासाठी मात्र बाजूला एक कप्पा केला. माद्यांची चांगली गट्टी जमली. दुपारी एकमेकींच्या अंगावर मान टाकून झोपायच्या. कुशाबाई आधी "ससं कुणी पाळतं व्हय?" म्हणायची. महिन्याभरात तीच सकाळी उठून त्यांना घास कापून आणायला लागली.

आणि आता पहिलंच बाळंतपण हे असं झालं.

त्या दिवशी कुशाबाईने ठिपकीला मांडीवर उताणी धरली आणि पिल्लू तिच्या पोटाला लावलं. ठिपकी लाथा झाडत होती. पिल्लाला आचळ सापडलं, ते चुटूचुटू प्यायलं. मग बांबूच्या टोपलीत ठिपकीचेच केस घालून त्यात ते ठेवलं आणि शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. पण ठिपकी काही टोपलीकडे फिरकेना. दर तासाला कुशाबाई तिला उचलून टोपलीत बसवी आणि दर वेळी ती उडी मारून पळे.

"काय आई हाय का कोण ही!" कुशाबाई वैतागली. "पोराला कुशीत घिऊन बसायचं सोडून घास खातीय!"

तिकडे स्नेहलने हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला फोन लावला होता. काळीला न्यायला तो परवा येणार होता.

दुसऱ्या दिवशी कुशाबाई सकाळच्या एसटीने जुन्नरला गेली. जुन्या बाजारपेठेच्या गल्लीत नजमुन्निसा मणियारचं बांगड्यांचं दुकान. स्नेहलच्या डोहाळजेवणाचा हिरवा चुडा तिथलाच. दुकानामागच्या अंगणात नजमुन्निसा कित्येक वर्षं ससे पाळत होती. बांगड्या भरता भरता तिच्या तोंडून सशांच्या गोष्टी गावोगावच्या बायांनी ऐकल्या होत्या.

कुशाबाईने सगळं सांगितलं. नजमुन्निसाने हातातल्या बांगड्या दोरीत ओवून बाजूला ठेवल्या.

"कुशाताई, त्या ठिपकीला पकडून पाजू नका. ती घाबरंल. सशीण दिवसातून एकदा येती, फार तर दोनदा. पहाटंचं यायचं, चार-पाच मिनिटं पाजायचं, की निघून जायचं. मग दिवसभर ती पिल्लाकडं बघत पण नाही."

"अन् पिल्लानं काय करायचं?"

"झोपायचं. रानात कोल्हा असतो, मुंगूस असतो. आई बसून राहिली तर जागा कळंल ना त्यांना. ती लांब राहती, हीच तिची माया."

इतकी वर्षं बाळंतिणीच्या कुशीत पोर देताना जे कुशाबाईला पक्कं ठाऊक होतं, ते इथे लागू नव्हतं.

"मग पाजलं का न्हाई, हे कळायचं कसं ओ भाभी?"

"पोट बघायचं. टम्म असलं तर पाजलंय. कातडी सुरकुतलेली, पोट आत गेलेलं, तर उपाशी." मग नजमुन्निसाने विचारलं, "आणि ती काळी. ती गाभण आहे का?"

"हाय की. दोघींना एकाच आठवड्यात नराकडं सोडलं व्हतं."

"मग झालं तर. तिनं मारायचं म्हणून मारलं नसंल. तिचे दिवस भरत आलेत. शेडमध्ये अंधाराचा, उबेचा कोपरा किती?"

कुशाबाईने आठवून पाहिलं. "एकच."

"एकच कोपरा आणि पाच जणी. तिला तिचं घरटं करायचं होतं. ती तिथं उकरायला लागली आणि दुसरीची पिल्लं बाहेर फेकली गेली. माझ्याकडं पण झालंय असं. दोन वेळा झालं, तेव्हा मला अक्कल आली."

मग नजमुन्निसा तिला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे माद्या मोकळ्या होत्या, पण भिंतीच्या कडेने लाकडी खोकी मांडलेली होती, माद्या सहा आणि खोकी आठ. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडासमोर नाही. दाराला खाली वीतभर उंच फळी, म्हणजे आचळाला लटकलेलं पिल्लू आईबरोबर बाहेर ओढलं जात नाही. आणि जिचे दिवस भरत आलेत, तिच्या खोक्यापुढे जाळीचा आडोसा.

"चार-पाच दिवस आधीच तिला आडोशात घ्यायची. जाळीच ठेवायची, भिंत नको. बाकीच्यांचा वास येत राहिला पाहिजे, नाहीतर परत सोडल्यावर ओळख विसरतात आणि मारामारी करतात. पिल्लं खोक्यातून बाहेर येऊन पळायला लागली की जाळी काढायची."

निघताना कुशाबाईने हळूच विचारलं, "काळीला ठिवू म्हणता?"

"माझी असती तर मी ठेवली असती," नजमुन्निसा म्हणाली.

घरी आल्यावर खरी परीक्षा होती. स्नेहलने सगळं ऐकून घेतलं, पण तिचं मन काही वळेना.

"आई, एकदा रक्ताची चटक लागली की जात नाही."

"अगं, ती काय बिबट्या हाय का? घास खाती ती."

"पण मी तिच्यापुढं आता दुसरी पिल्लं ठेवणार नाही. माझ्यानं परत ते बघवणार नाही."

कुशाबाई सुनेकडे बघत राहिली. काल पिल्लांना परसात पुरताना ही पोरगी हुंदके देऊन रडली होती, हे तिला ठाऊक होतं. ती जवळ जाऊन बसली.

"मला चार दिस दे. तिला एकटीला आडोशात घिऊ. तिनं तिचीच पोरं नासली, तर मी सोता त्या हाटेलवाल्याला फोन करीन."

स्नेहल उठून आत गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला, "दादा, उद्या नका येऊ. पुढं बघू."

त्याच दुपारी स्नेहलने गावातल्या फळवाल्याकडून सफरचंदाची लाकडी खोकी आणली. करवत, खिळे, हातोडी घेऊन ती स्वतःच बसली. कुशाबाई फळ्या धरत होती. दोन खोकी संध्याकाळपर्यंत तयार झाली. एक ठिपकीला आणि तिच्या पिल्लाला, एक काळीला. शेडच्या दोन टोकांना दोन आडोसे झाले. काळीच्या खोक्यावर कुशाबाईने पोतं टाकून आत अंधार केला आणि आडोशात वाळलेल्या गवताचा ढीग ठेवला.

काळी सुरुवातीला जाळीवर नखं मारत राहिली. खोक्याकडे ढुंकून बघेना. दुसऱ्या सकाळी मात्र कुशाबाईने पाहिलं, तर तिच्या तोंडात गवताच्या काड्या होत्या, दोन्ही बाजूंना लांब मिशांसारख्या. ती तुरूतुरू आत जात होती, रिकाम्या तोंडाने बाहेर येत होती आणि परत तोंड भरत होती. अशा किती खेपा झाल्या कोण जाणे.

"बग, बग," कुशाबाईने सुनेला हाक मारली. "बाळंतखोली सारवतीया."

स्नेहल पहिल्यांदा हसली.

त्या पहाटे ठिपकीही तिच्या खोक्यात गेली असावी. कुशाबाईने ठिपकीच्याच गवतात हात चोळून पिल्लू उचललं तर त्याचं पोट टम्म होतं. तिला इतका आनंद झाला की तिने सुदर्शनला कामावर फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी लाइनीवर हाय, मागनं बोलतो."

पुढच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, काळी खोक्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. आतून खसखस ऐकू येत होती. पोत्याच्या फटीतून काळ्या केसांचा पुंजका बाहेर आला. ती पोटाचे केस उपटत होती.

कुशाबाई आडोशाबाहेर भुशाच्या पोत्यावर बसली. तिचे हात मांडीवर होते, पण बोटं सारखी चाळवत होती. आत बाळंतपण चाललंय आणि आपण बाहेर बसलोय, असा प्रसंग तिच्यावर याआधी एकदाच आला होता. स्नेहल चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"जाऊ नका हं आत," ती म्हणाली.

"न्हाई जात. भाभींनी सांगितलंय."

दोघी चहा प्यायल्या. मग स्नेहल कपाकडे बघत म्हणाली, "माझ्या शौर्यच्या बाळंतपणात पण तुम्ही अशाच बाहेर बसला होतात."

"व्हय. त्या दवाखान्याच्या बाकड्यावर."

"मला वाटायचं, तुम्हाला राग आलाय. घरात सुईण असून मी दवाखान्याचा हट्ट धरला म्हणून."

कुशाबाईने मान हलवली. "राग कशाचा? दवाखाना पायजेच व्हता. तुजं पोर आडवं व्हतं, माज्याच्यानं झालं नसतं. पण माज्या हातांना काय करावं कळंना. तिथली बाई म्हणाली, आजी, बाहेर बसा. मग बसले."

"मला आत लई एकटं वाटलं, आई. सिस्टर चांगल्या होत्या. पण कुणीतरी आपलं माणूस हात धरायला पाहिजे होतं. सारखं वाटत होतं, तुम्हाला बोलवा म्हणावं."

"मग म्हणायचं की गं!"

"रागावलाय असं वाटलं ना."

कुशाबाईने सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. आत खोक्यात खसखस थांबली होती.

थोड्या वेळाने काळी बाहेर आली. पाणी प्यायली, अंग चाटलं आणि गाजराच्या तुकड्याशी जाऊन बसली, जणू काही झालंच नव्हतं. स्नेहल तिला आणखी गाजर देत राहिली, तेवढ्यात कुशाबाईने पोतं वर केलं. आत गवताच्या वाटीत काळ्या-करड्या केसांची मऊ गादी होती आणि ती गादी श्वास घेत होती, वर खाली, वर खाली. तिने दोन बोटांनी केस बाजूला केले. सात पिल्लं. एक मेलेलं होतं, ते तिने अलगद काढून घेतलं. बाकीची सहा एकमेकांत घुसून ऊबदार पडली होती. एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता.

"सहा हायती," ती म्हणाली. "लोण्यासारखी."

स्नेहलने डोळे पुसले. पण ठिपकीच्या खोक्याकडे गेल्यावर दोघींचे चेहरे उतरले. पिल्लू गार लागत होतं. पोट आत गेलेलं, कातडीला सुरकुत्या. खोक्यातलं गवत कालच्यासारखंच होतं. ठिपकी आज आत गेलीच नव्हती. पहिल्या दिवसाची धास्ती तिच्या मनातून गेली नसावी.

कुशाबाईने पिल्लू परत चोळीत घेतलं आणि नजमुन्निसाला फोन लावायला सांगितला. स्नेहलने फोन स्पीकरवर टाकला.

"एकटं पिल्लू तसंही तगत नाही," पलीकडून आवाज आला. "त्याला भावंडांची ऊब लागती. काळीला आज झालीत ना? दोन-तीन दिवसांचा फरक चालतो. तिच्यात टाका."

स्नेहल फोनवर वाकली. "काळीच्या खोक्यात? चाची, तिनंच याची भावंडं..."

"बेटा, तिनं पिल्लं नव्हती मारली. ती जागा मागत होती. आता तिला जागा मिळालीय. पिल्लाला तिच्या केसांत चोळा आणि मधोमध ठेवा. मग लांब व्हा."

फोन बंद झाला. कुशाबाईने सुनेकडे पाहिलं. "तू म्हणशील तसं."

स्नेहलने शेडच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. एका टोकाला ठिपकी जाळीला नाक लावून बसली होती. दुसऱ्या टोकाला काळी गाजर कुरतडत होती, पोटावरची उघडी कातडी गुलाबी दिसत होती.

"द्या," ती म्हणाली. "मी ठेवते."

कुशाबाईने चोळीतून पिल्लू काढून तिच्या ओंजळीत दिलं. स्नेहलने काळीच्या खोक्यातले केस घेऊन त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत हळूहळू चोळलं, तान्ह्याला तेल लावतात तसं. मग सहा पिल्लांच्या मधोमध ठेवलं. ती सगळी एकदम वळवळली, सरकली आणि नवं पिल्लू आत बुडून दिसेनासं झालं.

दिवसभर दोघींपैकी कुणीही तिकडे गेलं नाही. स्नेहलने तीनदा भांडी घासली. कुशाबाईने उगाच अंगण झाडलं, मग परत झाडलं.

सकाळी उजाडल्यावर त्या बरोबरच शेडमध्ये गेल्या. काळी आडोशात पाय पसरून निवांत पडली होती. भुशावर काही नव्हतं. खोक्याबाहेर काही नव्हतं. कुशाबाईने पोतं उचललं, केस बाजूला केले आणि स्नेहलने वाकून पाहिलं. सात पिल्लं. त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा जरासं मोठं. त्याचं पोट असं टम्म फुगलं होतं की कातडीखालचं पांढरं दूध दिसत होतं.

"प्यालं," स्नेहल कुजबुजली. "आई, तिनं पाजलं त्याला."

कुशाबाईने काळीच्या कपाळावरून बोट फिरवलं. काळीने फिस्स करून पंजा मारला.

"नकटी!" कुशाबाई म्हणाली आणि हसत सुटली.

काळी शेवटपर्यंत तशीच राहिली, फणकारी. पण पिल्लं तिने नीट वाढवली. त्यांना मखमलीसारखे केस आले, अकराव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडले. एक पिल्लू मधेच दगावलं, का ते कळलं नाही. उरलेल्या माद्यांसाठी, दोन जादा धरून, स्नेहलने आणखी पाच खोकी केली, आणि जिची वेळ जवळ येई तिच्यापुढे आधीच आडोसा लागे. सुदर्शन सुट्टीला आला तेव्हा घरात सगळीकडे भुसा आणि खिळे बघून म्हणाला, "ह्ये घर हाय का सुताराचं दुकान?" मग तोही हातोडी घेऊन बसला.

महिनाभराने, माघातल्या एका उन्हाच्या दुपारी, काळीची जाळी काढायची ठरली. पिल्लं तेव्हा खोक्याबाहेर उड्या मारत होती. स्नेहलने जाळीची तार सोडली आणि दोघी श्वास रोखून भिंतीला उभ्या राहिल्या.

काळी बाहेर आली. आडोशातून आधीच सोडलेली ठिपकी समोरच होती. काळी थेट तिच्या अंगावर धावून गेली, दोघी शेडभर दोन चकरा पळाल्या, भुसा उडाला. स्नेहलने कुशाबाईचं मनगट गच्च धरलं. मग ठिपकी थांबली, मान खाली घालून भुशावर चपटी बसली. काळीने तिचं नाक हुंगलं, कान हुंगले आणि तिच्या बाजूला अंग टाकून दिलं. जरा वेळाने ठिपकी तिचं कपाळ चाटायला लागली.

तोवर पिल्लं मोकळ्या जागेत शिरली होती. त्यातलं जरा मोठं, पाठीवर करडे ठिपके असलेलं एक उडी मारत आलं आणि ठिपकीच्या पाठीवरून पलीकडे गेलं. ठिपकीने मान वळवून त्याला हुंगलं. ओळखलं की नाही, कुणास ठाऊक. ते थांबलंच नाही, घासाकडे पळालं. बाकीची त्याच्यामागे.

"एक, दोन, तीन..." स्नेहल बोटाने मोजायला लागली.

"मोजू नगंस," कुशाबाईने तिचं बोट खाली केलं. "दृष्ट लागंल माज्या पोरांना."